सतरावी तळटीप

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मलकापूरच्या स्टेशन रोडमागच्या गल्लीत इंद्रभान शेठच्या छापखान्याचं शटर अर्धं वर होतं आणि आत यू. एम. सातव पान दोनशे चौदा टाइप करत होते. शटर अर्धंच ठेवायचं कारण साधं आहे. पूर्ण वर केलं की लग्नपत्रिकावाले आत येतात.

समोर स्टँडला लावलेला कागद पाठक सरांच्या हातचा होता. लक्ष्मीकांत पाठक इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांनी एका नायजेरियन लेखिकेच्या कादंबरीचं मराठी भाषांतर केलं. सहाशे अकरा पानं, निळी शाई, एका बाजूला. पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक घ्यायचं कबूल केलं, पण हस्तलिखित घ्यायचं नाकारलं. म्हणून सातव रोज सकाळी सहा पन्नास ते नऊ, पत्रिकांचं काम सुरू व्हायच्या आत, सरांची पानं टाइप करतात. पहिली सव्वादोनशे पानं बुधवारी दुपारी बाराच्या आत पुण्याला पाठवायची होती. त्यानंतर त्यांत काही बदलता येणार नव्हतं. आज मंगळवार होता.

सातवांचं वय सत्तावन्न. एकोणिसाव्या वर्षी ते या छापखान्यात लागले, तेव्हा शिशाचे खिळे एकेक जुळवून मजकूर उभा करावा लागे. पुढे कॉम्प्युटर आला. खिळे भंगारात गेले, सातव राहिले. अडतीस वर्षांत त्यांनी एक नियम मोडलेला नाही. लिहिणाऱ्याने जे लिहिलं तेच टाइप करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. एकदा निवडणुकीच्या पत्रकात उमेदवाराने बांधलेल्या पुलाचा उल्लेख होता. तो पूल सातवांच्या रोजच्या वाटेवर असायला हवा होता. सातवांनी पूल टाइप केला.

पाठक सरांना हा नियम पसंत होता. पहिलं पान देताना ते म्हणाले होते, "मक्षिकास्थाने मक्षिका, सातव. माशी असेल तिथे माशी."

"आजवर तेच करत आलो, सर."

कादंबरीचं मराठी नाव सरांनी 'पाचव्या खेपेची' असं ठेवलं होतं. नदीकाठच्या गावातली, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईची मुलगी आपलं लहानपण सांगते. तिच्या आधी त्या घरात चार मुलं झाली आणि चारही गेली. योरुबा लोकांची समजूत अशी, की ती चार नव्हतीच. एकच मूल पुन्हा पुन्हा येतं आणि आईला फसवून परत जातं. पलीकडच्या जगात त्याचे सवंगडी असतात, ते त्याला खेळायला बोलावतात. कादंबरीतल्या मुलीचे सवंगडी गावाच्या पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसलेले असत. तिची आजी तिच्या पायांत लोखंडी घुंगरू बांधते, कारण लोखंडाच्या आवाजाला ते भितात. लोखंडाचा त्यांच्यात वेगळा देव आहे, ओगुन. मुलीची आई शिवणयंत्राला त्याच्या नावाने तेलाचं बोट लावते. त्यावर सरांनी सात ओळींची तळटीप दिली होती. सातवांनी ती टाइप केली आणि मागे वळून ऑफसेट मशीनकडे पाहिलं. दसऱ्याला वाहिलेला झेंडू वाळून अजून तिच्या मुठीला लटकत होता.

पहिली दोनशे तेरा पानं अशीच गेली होती. सातव फार वाचणारे नाहीत. पण टाइप करणाऱ्याला वाचावंच लागतं, तेही अक्षर न अक्षर. या मुलीचं पुढे काय होतं, याची त्यांना थोडी उत्सुकता लागली होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

पान दोनशे चौदावर नावं होती. अशा मुलाला चांगलं नाव ठेवायचं नाही, नाहीतर सवंगड्यांना हेवा वाटतो, असं आजी सांगते. आणि मग गावातली नावं मोजते. मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. बांजोको, म्हणजे माझ्याजवळ बस. कोसोको, म्हणजे आता खड्डा खणायला कुदळच नाही. इग्बेकोयी, म्हणजे रानालाही जे नको झालं ते.

या ओळीवर सतरा नंबरची तळटीप होती. सरांनी लिहिलं होतं: "मूल जगावे म्हणून त्याला मुद्दाम ओंगळ वा अशुभ नाव देण्याची ही चाल आफ्रिकी लोकसमजुतीचा भाग आहे. मराठी वाचकाला ती चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे तिला समांतर असे काही आढळत नाही."

सातवांनी 'आढळत'पर्यंत टाइप केलं आणि हात थांबवले.

खिशातल्या पाकिटात त्यांचं आधार कार्ड होतं. त्यावर नाव आहे उकंडा मोतीराम सातव. वऱ्हाडात उकंडा म्हणजे उकिरडा.

मलकापुरात हे नाव कोणाला माहीत नाही. मोताळ्याच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. "उकंड्या, कचरा कुठी टाकू बे?" हा प्रश्न त्यांना पाचवी ते दहावी रोज विचारला गेला, आणि विचारणारा दरवेळी नवीन विनोद केल्यासारखा हसे. छापखान्यात पहिल्या दिवशी इंद्रभान शेठच्या वडिलांनी नाव विचारलं, तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणाला, "यू. एम. सातव." थोरल्या शेठनी विचारलं, "यू म्हणजे?" समोर कोणाच्या तरी पत्रिकेचा मजकूर जुळवून ठेवला होता, त्यात एक उमाकांत होता. पोरगा म्हणाला, "उमाकांत." त्या दिवसापासून ते उमाकांत झाले. बायको त्यांना 'अहो' म्हणते, शेठ 'यू. एम.' म्हणतात, पाठक सर 'सातव'. उजव्या नाकपुडीवर एक बारीक खळगा आहे. कोणी विचारलंच तर ते सांगतात, कांजिण्यांचा वण.

धंद्यातही हीच पद्धत पडली. पत्रिकेत पाहुण्यांची, आजोबा-पणजोबांची नावं घालताना घरचे लोक काही नावं पॉलिश करून मागतात. अडतीस वर्षांत अकरा उकंडे त्यांच्यासमोर आले आणि अकराही घरांनी मान खाली घालून विचारलं, "याचं काही चांगलं होईल का?" सातवांनी अकराही वेळा 'उमाकांत' सुचवलं. पहिलं अक्षर तेच राहतं, नातेवाइकांना ओळख पटते. अकरापैकी दहा जण आधीच वारले होते, ते 'कै. उमाकांत' झाले. अकरावा जिवंत होता. तो पत्रिका हातात घेऊन छापखान्यात आला आणि म्हणाला, "सगळं ठीक हाय. हा उमाकांत कोन होय?"

बारावा कालच आला होता. मोताळा तालुक्यातला हरिओम नावाचा तरुण, बहीण मंजुश्रीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आजोबा जिवंत, नाव उकंडा. सातवांनी नेहमीप्रमाणे कागदावर 'उमाकांत' लिहून त्याला दाखवलं. हरिओम खूश झाला. प्रूफ पाहायला तो गुरुवारी येणार होता.

आता पडद्यावर 'आढळत'नंतर कर्सर उघडझाप करत होता. टीप खोटी होती आणि ती खोटी आहे याचा पुरावा टाइप करणाऱ्याच्या मागच्या खिशात होता. तो काढला तर टीप दुरुस्त होईल आणि उमाकांत संपेल. नाही काढला तर 'आपल्याकडे असे काही आढळत नाही' हे छापून येईल, आणि ते उकंडा सातवने स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं असेल.

त्यांनी 'नाही' टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि पुढच्या पानावर गेले. नियम नियम आहे. पण त्या सकाळी त्यांनी नवापर्यंत चारच पानं केली. रोज अकरा होतात.

साडेनवाला मुलीचा फोन आला. अर्पिता पुण्यात बँकेत आहे. मागच्या महिन्यात तिनेच राजपत्रात नाव बदलून 'उमाकांत' करायचा अर्ज भरून पाठवला होता. त्यावर सही करायची आणि सेतू केंद्रावर द्यायचा, इतकंच बाकी होतं. अर्ज छापखान्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

"पप्पा, सही केली का?"

"करतो."

"आधारवर एक, पत्रिकेवर एक, लाइटबिलावर तिसरंच. कोणतं तरी एक ठेवा हो. परवा माझ्या नणंदेने विचारलं, तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव काय. मी खोकले."

"मग?"

"मग काय! तिने पाणी आणून दिलं."

फोन ठेवल्यावर सातवांनी इंद्रभान शेठकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. शेठनी घड्याळाकडे पाहिलं. सातवांनी याआधी रजा मागितली होती ती मुलीच्या लग्नात. "काही झालं का, यू. एम.?"

"मोताळ्याला काम आहे. एक माहिती तपासायची आहे."

मोताळा एसटीने पाऊण तासावर. त्या दिवशी तिथे बाजार होता. कलाबाई नेहमीच्या जागी, कडुलिंबाखाली, पोत्यावर मेथी आणि कोथिंबीर मांडून बसली होती. वय चौऱ्याऐंशी. सातवांच्या आईवडिलांच्या घराला तिचं घर लागून होतं. आई कौशल्याबाई आणि वडील मोतीराम दोघंही गेले, त्यालाही आता बारा वर्षं झाली. सातव कलाबाईला लहानपणापासून कलामाय म्हणतात. का म्हणतात, ते त्यांना मोघम ठाऊक होतं.

"अय उक्या! काऊन रे, आज कशी याद आली? सून बरी हाय ना?"

"बरी आहे. कलामाय, एक विचारायचं होतं."

"इचार ना. पन तोंडानं इचार, हातानं जुड्या बांध. रिकामा नोको बसू."

सातव पोत्याच्या कडेला बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधू लागले. छापखान्यातली पँट, इनशर्ट. एकदोघांनी भाव विचारला, तोही त्यांनी सांगितला.

"माझं नाव ठेवलं तेव्हा नेमकं काय केलं होतं?"

कलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "आता सत्तावन वर्सानं?"

"एका पुस्तकासाठी पाहिजे."

"पुस्तकात येऊन राह्यलं का? मंग नीट आयक." तिने एका गिऱ्हाइकाला मेथी दिली, पदराला हात पुसले. "तू झाला तवा तुह्या मायनं तोंड फिरवून घेतलं. पाहेच ना तुह्याकडं. म्हने, हेबी जाईन. मंग दाईनं तुले सुपात घातलं आन् उकंड्यावर नेऊन टाकलं. लपून नाई बरं, दिवसाढवळ्या. मी मांगून गेली. म्हनलं, अगं बाई, हे कोनाचं पोट्टं पडलं अठी? कोनाचं नाई तं मीच नेतो. आन् उचलून घरी आनलं."

"उकंड्यावर किती वेळ होतो मी?"

"किती येळ म्हंजे? एक डुक्कर होतं. ते बाजूला झालं, तितकाच येळ." कलाबाई हसली. "दुसऱ्या दिशी तुही माय सूपभर कोंडा घेऊन आली. म्हने, बाई, तुहं लेकरू मले दे, मी पोसतो. मी कोंडा घेतला, तुले देल्लं. नाक टोचलं. आता तू माह्यावाला. तिच्या घरी नुसता राहाले. ज्याले तिचं लेकरू न्यायचं होतं त्यानं पाह्यलं असन, हे तं कलीचं हाय, आन् गेला असन निंघून."

"कोंड्याचं काय केलं?"

"म्हशीले घातला. आजून काय करतो त्याचं?"

सातवांनी जुडीला सुतळी बांधली. त्यांना सरांसाठी एवढंच हवं होतं. पण आलोच आहोत तर सगळंच विचारून घ्यावं, या हिशेबाने त्यांनी पुढचा प्रश्न केला.

"आधीच्यांची नावं काय होती?"

"तुहा बाप शाळेत शिपाई व्हता ना! हजेरीपटातून चांगली चांगली नावं पाहून आने. पह्यला दत्तात्रय. दुसरा सुधाकर. तिसरा उमाकांत. चौथी पोरगी, तिले नाव ठेवाच्या आतच गेली."

सुतळी सातवांच्या हातात राहिली.

"तिसरा कोण?"

"उमाकांत. आठ महिन्याचा होऊन गेला. लई गोरागोमटा. तुही माय त्याच्यासाठी जितकी रडली तितकी कोनासाठीच नाई. म्हनून तं मी त्याच्या कानामांग काजळाचं बोट लावून देल्लं, मातीले नेताना. म्हनलं, पुन्हा आला तं वळखू येईन." कलाबाईने हात लांब करून त्यांचा कान धरला, वाकवला आणि सोडला. "आता मले दिसत नाई. पन तवा होता डाग. उजव्या कानामांग. तोच होय तू. चारई खेपा तूच. माह्या कोंड्यानं थांबला."

सातवांना आपल्या लग्नाची गोष्ट आठवली. पत्रिका त्यांनी स्वतःच जुळवली होती, 'चि. उमाकांत'. दोनशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आणला, तेव्हा आईने वरची पत्रिका हातात घेतली, शेजारच्या पोराकडून वाचून घेतली आणि सगळा गठ्ठा पालथा करून ठेवला. एकही वाटली नाही. सगळ्या भावकीत पायी फिरून, तोंडी आमंत्रणं दिली. 'उक्याचं लगन हाय, या.' सातवांना तेव्हा वाटलं होतं की अडाणी बाई आहे, छापलेल्यावर तिचा विश्वास नाही. एकोणतीस वर्षं सातवांनी ही गोष्ट मित्रांना गंमत म्हणून सांगितली होती.

"तिनं मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"कायले सांगन? सांगतलं असतं तं तू म्हनला असता, मी त्याचं नाव घेतलं, आता मलेबी जा लागते. गप राह्यली बिचारी. तुह्या लग्नापासून मरेपरेंत दर शनवारी मारोतीले तेल घाले. तुले काय वाटलं, हौस होती तिले?"

त्यानंतर कलाबाईने त्यांना आठ जुड्या बांधायला लावल्या आणि निघताना दोन दिल्या.

एसटी स्टँडवर सातवांनी मोबाइल मानेमागे नेऊन उजव्या कानामागचा फोटो काढला. काही नव्हतं. मग डाव्या कानामागचा काढला. तिथे मसुराच्या डाळीएवढा काळा डाग होता. सत्तावन्न वर्षं तो तिथेच असणार, पण स्वतःच्या कानामागे कोण पाहतं. त्यांनी परत जाऊन कलाबाईला सांगितलं, की डाग आहे, पण डाव्या बाजूला आहे.

"समोरून पाह्यलं का उलटंच दिसते," कलाबाई म्हणाली. "जाय, तुही गाडी निंघून राह्यली."

बुधवारी सकाळी सात वाजता छापखाना बंद होता. सातव पाठक सरांच्या ओसरीवर होते. हातात पान दोनशे चौदाची प्रत.

"सर, सतरावी टीप चुकीची आहे."

सरांनी चष्मा घातला. दोनशे तेरा पानांत सातवांनी त्यांच्या मजकुराबद्दल एक शब्द काढला नव्हता. "टायपिंगची चूक?"

"टायपिंग बरोबर आहे. टीप चुकीची आहे."

"सातव, ही टीप मी तीन इंग्रजी ग्रंथ पाहून लिहिली आहे. पुरावा काय?"

सातवांनी मागच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून आधार कार्ड काढलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी ते आधी लांब धरून आणि मग जवळ धरून वाचलं. उलटून मागची बाजूही वाचली, तिथे फक्त पत्ता होता.

"तुम्ही उमाकांत ना?"

"नाही, सर. उमाकांत माझा भाऊ होता. आठ महिने."

मग सातवांनी सगळं क्रमाने सांगितलं. सूप, उकंडा, डुक्कर, कोंडा, म्हैस. कानामागचा डाग सांगितला आणि तो कोणत्या बाजूला निघाला तेही सांगितलं. सरांनी मध्ये एकदाच विचारलं, "कोंडा ज्वारीचा की गव्हाचा?" सातवांनी ते विचारलं नव्हतं. आपली चौकशी अपुरी राहिली, असं त्यांना वाटलं.

सर म्हणाले, "हे एखाद्या समाजात असेल. आमच्यात मी ऐकलेलं नाही. 'आपल्याकडे' हा शब्द फार तर बदलता येईल."

आतून सरांच्या पत्नी शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या. त्या चाळीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या आणि चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसायची त्यांना सवय नाही.

"अहो, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"धोंडो. धोंडो नारायण. का?"

"धोंडो का ठेवलं?"

"का म्हणजे? नाव होतं. त्या काळी ठेवत."

"आधीची तीन गेली म्हणून ठेवलं. देवाला वाटावं, घरात दगड आहे, मूल नाही. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं." त्यांनी सातवांपुढे कप ठेवला. "तुम्ही खोलीत इंग्रजी वाचत बसला होतात."

सरांनी सातवांकडून पान घेतलं, सतराव्या टिपेवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि खाली नवीन लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, वर्गात सांगत तसे.

"अशी चाल महाराष्ट्रातही आहे. मुले जगत नसतील त्या घरी नवजात मुलास उकिरड्यावर टाकून शेजारणीने उचलावे आणि आईने सूपभर कोंड्याच्या बदल्यात ते परत घ्यावे, ही रीत वऱ्हाडात होती. धोंडो, दगडू, उकंडा ही नावे त्यातली. माहिती..." ते थांबले. "माहिती कोणी दिली ते लिहावं लागतं, सातव. शिस्त आहे. नाव घालू का? हरकत असेल तर 'एक जाणकार' म्हणता येईल."

सातवांनी चहा संपवला. हे पुस्तक छापून येणार होतं, मलकापूरच्या वाचनालयात येणार होतं, अर्पिताच्या नणंदेच्या हातातही पडण्याची शक्यता होती.

"तुम्ही लिहाल ते टाइप करीन, सर," ते म्हणाले. "माशी असेल तिथे माशी."

सरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं. 'माहिती: कलाबाई, मोताळा, व उकंडा मोतीराम सातव, मलकापूर.' मग आधार कार्ड पुन्हा पाहून 'मोतीराम'ची वेलांटी दीर्घ असल्याची खात्री केली आणि कार्ड परत दिलं.

छापखान्यात सातवांनी पावणेनवाला ते पान घेतलं. बाकीची सव्वादोनशेपर्यंतची पानं त्यांनी मंगळवारी मोताळ्याहून परत येऊन संध्याकाळी उरकली होती. टीप टाइप करायला चार मिनिटं लागली. शेवटच्या ओळीला अर्धं मिनिट जास्त लागलं, कारण हे नाव टाइप करायची त्यांच्या बोटांना सवय नव्हती. बारा वेळा समोर येऊनही त्यांनी ते एकदाही टाइप केलेलं नव्हतं. इंद्रभान शेठ मागे येऊन उभे राहिले आणि पडदा वाचू लागले. ते येता-जाता वाचतात.

"हा उकंडा मोतीराम सातव कोन हो, यू. एम.?"

"मी."

शेठनी पुन्हा वाचलं. "बरं," ते म्हणाले. "त्या मंजुश्रीच्या पत्रिकेचा कागद आला का?"

"आला. तीनशेचा एक गठ्ठा कमी आहे."

"च्यायला. फोन करतो."

फाइल पुण्याला अकरा बावन्नला गेली. अर्पिताला त्यांनी दुपारी मेसेज केला. 'एक ठरवलं. आधारवरचं. नणंदेला सांगायला हरकत नाही.' तिचं उत्तर आलं, 'बरं पप्पा', आणि त्यापुढे खोकणारा चेहरा.

छापखान्यात वाया गेलेला कागद फेकत नाहीत. कोऱ्या बाजूवर प्रुफं काढतात. राजपत्राचा अर्ज ड्रॉवरमधून निघून त्या ट्रेमध्ये गेला आणि संध्याकाळी मंजुश्रीच्या पत्रिकेचं प्रूफ त्याच्याच मागच्या बाजूवर निघालं. वर गणपती, खाली वधू-वर आणि डाव्या कोपऱ्यात 'आजोबा: श्री. उमाकांत', हरिओमने मंजूर केल्याप्रमाणे. सातवांनी त्यात काहीही बदललं नाही. फक्त समासात पेन्सिलने लिहिलं: 'आजोबांना विचारून येणे. त्यांच्या आधी घरात कोणी होतं का, आणि त्याचं नाव काय होतं.'

हरिओम उद्या, गुरुवारी, सकाळी दहा वाजता येणार आहे. त्याच्या सहीशिवाय छपाई सुरू होत नाही. त्याआधी सहा पन्नासला शटर अर्धं वर जाईल, आणि पान दोनशे सव्वीस.